जोडीने आशिया फिरताना बेत बदलायचा असेल तर

महिनोन्‌महिने पाठीवर सॅक घेऊन फिरायचं म्हटलं की बेत बदलणारच. पाऊस लांबतो, एखाद्या गावातून पाय निघत नाही, दोघांपैकी एकाचं पोट बिघडतं. बदलाने फारसं बिघडत नाही, बिघडतं ते चुकीच्या क्रमाने बदल केल्यामुळे. आधी स्वस्त दिसलं म्हणून विमानाचं तिकीट काढलं आणि मग लक्षात आलं की व्हिसा त्या तारखेला सुरूच होत नाही, की दोन माणसांचे पैसे एकदम बुडतात. म्हणून आधी पासपोर्टवरची मुदत, मग सीमेवरचा नाका, मग वाहन, आणि हॉटेल सगळ्यात शेवटी.

मुदत

दोघांचे पासपोर्ट समोर उघडे ठेवा आणि शिक्क्यावरची शेवटची तारीख प्रत्येकाची वेगळी वाचा. एकाच रांगेतून आलो म्हणजे तारीखही एकच असेल, असं धरून चालू नका. मोजताना देशात पाऊल ठेवलं तो दिवस पहिला धरा: ३० दिवसांची मुदत आणि १ तारखेला आलात, तर ३० तारखेला बाहेर पडायला हवं. रात्री साडेबाराच्या विमानाला पुढची तारीख असते. मुदतीच्या शेवटच्या दिवशी असं विमान घेऊ नका.

मुदत संपल्यावरही राहिलात तर होणारा दंड माणशी असतो, त्यामुळे जोडप्याला तो दुप्पट बसतो. थायलंडमध्ये दिवसाला ५०० बात, इंडोनेशियात दिवसाला १० लाख रुपिया. थायलंडमध्ये मुदत संपण्याआधी इमिग्रेशन कार्यालयात जाऊन १,९०० बात भरले की साधारणपणे ३० दिवस वाढवून मिळतात. म्हणजे चार दिवस जास्त राहून दंड भरण्यापेक्षा मुदतवाढ स्वस्त पडते. शिवाय विमानतळावर दंड भरून सुटता येतं, पण त्याआधी रस्त्यावरच्या तपासणीत सापडलात तर कोठडीची वेळ येऊ शकते.

व्हिएतनामचा ई-व्हिसा नीट समजून घ्या, कारण बेत बदलणारे बहुतेक जण इथेच अडकतात. तो ९० दिवसांपर्यंतचा मिळतो, पण तारखा तुम्ही अर्जात भरलेल्याच असतात. व्हिसा १० तारखेपासूनचा असेल तर ९ च्या रात्री हनोईत उतरता येत नाही, आणि १५ ला पोहोचलात तरी शेवटची तारीख पुढे सरकत नाही. एकदाच प्रवेशाचे २५ डॉलर, अनेकदा प्रवेशाचे ५०. दिवस कमी मागितले म्हणून पैसे कमी होत नाहीत. तेव्हा सुरुवात ठरलेल्या तारखेच्या तीन-चार दिवस आधीची टाका आणि शेवट पूर्ण ९० दिवसांचा मागा. मधेच लाओस किंवा कंबोडियात डोकावण्याची जराही शक्यता असेल तर अनेक प्रवेशांचाच घ्या, कारण एकदा बाहेर पडलात की एकेरी व्हिसा संपला. अर्ज दोघांचे वेगळे असतात आणि ते एकाच दिवशी मंजूर होतील याची खात्री नसते. नावाचा क्रम पासपोर्टच्या तळाच्या दोन छापील ओळींशी जुळवून भरा. दोन्ही व्हिसा हातात आल्याशिवाय परतावा न मिळणारं काहीही काढू नका.

नाका

नकाशावर रस्ता दिसतो म्हणून तिथून जाता येतंच असं नाही. ई-व्हिसा ठरावीक विमानतळांवर आणि ठरावीक नाक्यांवरच चालतो. लाओसमधून बसने व्हिएतनामला किंवा कंबोडियाला जायचं ठरलं, तर त्या नाक्याचं नाव सरकारी यादीत शोधा आणि बसवाल्याला तोच नाका आहे का ते विचारा. नाका अचानक बंदही होतो. २०२५ मध्ये थायलंड आणि कंबोडियात संघर्ष पेटला तेव्हा दोन्ही देशांमधले रस्त्याचे नाके बंद झाले, आणि बँकॉकहून सीमेवरच्या पोइपेतमार्गे कंबोडियातल्या सिएम रीपला जाण्याची नेहमीची वाट खुंटली. अशा वेळी विमान तरी घ्यावं लागतं किंवा लाओसमार्गे वळसा. वाटेत तिसऱ्या देशाचा व्हिसा लागतो का, हे आधी बघा.

वाहन

दोघांची विमान तिकिटं बहुधा एकाच पीएनआरवर असतात. दोघांनाही सारखाच बदल हवा असेल तर ते सोयीचं असतं. पण एकालाच चार दिवस मागे राहायचं असेल, तर तारीख बदलायला जाऊ नका, नाहीतर दोघांचीही बदलू शकते. आधी कंपनीला सांगून पीएनआर वेगळा करून घ्या, नव्या पीएनआरवर सामानाचे आणि सीटचे भरलेले पैसे आले का ते तपासा, आणि मगच तारीख हलवा. स्वस्त विमान कंपन्यांकडे बदलाचं शुल्क अधिक भाड्यातला फरक पडतो; पुष्कळदा त्यापेक्षा नवं तिकीट स्वस्त असतं. मात्र जुनं तिकीट एकत्र काढलेल्या अनेक टप्प्यांचं असेल आणि त्याचा पहिला टप्पा सोडून दिलात, तर पुढचे टप्पे आपोआप रद्द होतात. म्हणून पहिला टप्पा कधीच सोडू नका.

एक उदाहरण सविस्तर बघू. ऑक्टोबरचा शेवट आहे, तुम्ही हनोईत आहात, पुढे रेल्वेने ह्यू आणि दानांगला उतरून होई आन करत सायगॉनला (हो ची मिन्ह सिटीला) जायचं आहे. मध्य व्हिएतनामात मुसळधार पावसाचे हेच दिवस. होई आनच्या जुन्या गल्ल्यांत थू बोन नदीचं पाणी शिरतं आणि पूर मोठा असला तर ह्यू-दानांग पट्ट्यात रेल्वेही थांबते. घाईने सगळं रद्द करण्याआधी पुढच्या पाच दिवसांचा अंदाज बघा. पावसाचा एखादा दिवस असेल तर हनोईजवळच्या निन्ह बिन्हला दोन रात्री काढून वाट बघा. वादळाचा इशारा असेल तर मधला पट्टा सोडा आणि हनोईहून थेट सायगॉनला विमानाने जा. रेल्वेचं तिकीट गाडी सुटण्याच्या बऱ्याच तास आधी परत करा, कारण ऐनवेळी ते परत घेतलं जात नाही. दक्षिणेतून पुन्हा वर यायचा मोह झाला तर देश सोडलेला नसल्याने व्हिसाचा प्रश्न येत नाही.

हवामानाची आणखी दोन गणितं लक्षात ठेवा. थायलंडच्या फुकेत-क्राबीच्या बाजूला मे ते ऑक्टोबर पाऊस असतो, पण पूर्वेकडच्या सामुई बेटाच्या बाजूला जोराचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणजे जुलैत बेटं सोडायची गरज नाही, बाजू बदला. आणि फेब्रुवारीअखेर ते एप्रिल उत्तर थायलंड व लाओस शेतं आणि जंगल जाळल्याच्या धुराने भरलेले असतात. दोघांपैकी एकाला दमा असेल तर चिआंग माई तेव्हा वगळाच.

हॉटेलचं काम सोपं: फुकट रद्द करण्याची वेळ तिथल्या घड्याळाप्रमाणे असते, एवढं बघा. तेत (व्हिएतनामचं नववर्ष), सोंगक्रान (थायलंडचं नववर्ष) किंवा चीनचा ऑक्टोबरातला सुट्टीचा आठवडा आडवा येत असेल तर मात्र नवी खोली हातात येईपर्यंत जुनी सोडू नका.

दोघांमधला निर्णय

रात्रभर स्लीपर बसमध्ये हाडं खिळखिळी झाल्यावर बेत बदलू नये. जेवा, झोपा, सकाळी बोला. प्रत्येकाने न सोडण्याची एकच जागा सांगायची. बाकी सगळं हलवता येतं. एकाला ताप असेल तर मतं घ्यायची नाहीत, मुक्काम वाढवायचा. विमा मन बदललं म्हणून पैसे देत नाही, पण आजारपणाने प्रवास चुकला तर बऱ्याच पॉलिसी देतात. त्यासाठी डॉक्टरचा तारीख असलेला कागद त्याच दिवशी घ्या. मुक्काम लांबला तर पॉलिसी संपण्याआधी वाढवा, संपल्यावर बहुधा वाढवून मिळत नाही.

काही दिवस वेगवेगळं फिरायचं ठरलं तर सामान रात्रीच वाटून घ्या. दोघांकडे वेगळ्या बँकेचं एकेक कार्ड, थोडे डॉलर, स्वतःचं सिम, दोन्ही पासपोर्टची छायाचित्रं आणि औषधांचा अर्धा वाटा हवा. चार्जर एकच असेल तर दुसरा विकत घ्या. भेटायचं गाव, हॉटेलचं नाव आणि तारीख दोघांकडे कागदावर असू द्या. पुन्हा एकत्र थायलंडमध्ये शिरणार असाल तर डिजिटल आगमन पत्र प्रत्येकाने आपापलं भरायचं, पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत. ते फुकट असतं, पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर ते सरकारी नाही. भरल्यावर विमान किंवा पत्ता बदलला तर त्याच संकेतस्थळावर जाऊन दुरुस्ती करा.