पीआरची नोकरी की गावी धंदा? शेवटच्या वर्षाला असताना जे कळलं ते

ज्युनिअर्सपैकी कोणी ना कोणी विचारतंच की पीआरमध्ये (पब्लिक रिलेशन्स, म्हणजे जनसंपर्क) जाऊ का, आणि त्याच दमात दुसरा प्रश्न असतो की त्यापेक्षा गावी काहीतरी धंदा टाकला तर? मी स्वतः अजून दोन्हीवर विचारच करतेय, त्यामुळे हे एक्सपर्टचं मार्गदर्शन वगैरे समजू नका. मास मीडियाच्या (नाव बीएएमएमसी झालं तरी सगळे बीएमएमच म्हणतात) शेवटच्या वर्षाला आहे, घर मालवण तालुक्यात, घरची थोडी आंब्याची कलमं, मावशीचं छोटं होमस्टे आणि कोकमाचं काम, आणि मुंबईच्या एका एजन्सीत ऑनलाइन इंटर्नशिप झालीय. एवढ्याच भांडवलावर बोलतेय.

"हॉस्पिटलात काउंटरार बसता तो पीआरओ काय गो?" पीआरचं नाव काढल्यावर हे आजोबांचं पहिलं रिअॅक्शन. आणि खरं सांगू का, पहिल्या वर्षाला माझ्याही डोक्यात याहून फार वेगळं नव्हतं, फक्त काउंटरच्या जागी सेलिब्रिटी होते.

पीआर आणि जाहिरात यातला फरक समजायला आपल्याकडचंच उदाहरण घ्या ना. दरवर्षी हापूसची पहिली पेटी वाशी मार्केटला गेली की पेपरात येतं, बागायतदाराचं नाव, गाव, पेटीला काय भाव मिळाला, फोटो सगळं. त्या माणसाने एक रुपया दिलेला नसतो. तीच जागा जाहिरातीची म्हणून घ्यायला गेलात तर सेंटिमीटरच्या हिशेबाने पैसे मोजावे लागतात आणि वाचणारा ती जाहिरात म्हणूनच वाचतो. पण मजा अशी की पहिली पेटी बातमी असते, चाळिसावी नसते, आंबा तोच असला तरी. पीआरमधलं निम्मं काम म्हणजे समोरच्या क्लायंटकडे "पहिली पेटी" कुठली आहे ते शोधणं, आणि नसेल तर तसं त्याला तोंडावर सांगणं. हे दुसरं कॉलेजात कोणी शिकवत नाही.

सिलॅबसमध्ये आयव्ही ली येतो, अमेरिकेतला अगदी सुरुवातीचा पीआरवाला, तो नीट वाचा, नुसता पाच मार्कांसाठी नको. १९०६ ला अमेरिकेत रेल्वेचा मोठा अपघात झाला तेव्हा त्याने पेनसिल्व्हेनिया रेलरोड कंपनीला माहिती दाबून ठेवायच्या ऐवजी स्वतःहून निवेदन काढायला लावलं आणि पत्रकारांना जागेवर न्यायची सोय केली, पहिली प्रेस नोट म्हणून तिचंच नाव घेतात. म्हणजे प्रेस नोटची सुरुवातच वाईट बातमी सांगण्यातून झालीय. आपल्याला मात्र वाटतं पीआर म्हणजे चांगलं चांगलं बोलणं.

आता प्रेस नोटबद्दल, कारण इंटर्नशिपला पहिल्या दिवसापासून तेच करावं लागतं. मुंबईत इंग्रजीत लिहायची, मग कोणीतरी ती मराठीत करायचं आणि ती मराठी कोणाच्या बापाला कळायची नाही. सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या तालुका वार्ताहराला असली नोट पाठवून उपयोग नाही. तो बहुतेक वेळा दुसरा काहीतरी कामधंदा सांभाळून बातम्या देतो, त्यालाच गणपती-दिवाळीच्या जाहिराती पण गोळा करायच्या असतात, त्याला चार पानांची कंपनी हिस्ट्री नकोय. पहिल्या दोन ओळींत कोण, काय, कुठे, कधी, मग एखादं वाक्य बोललेलं, एक बरा आडवा फोटो आणि उचलला जाईल असा फोन नंबर. फोटोत कोण कोण आहे ते डावीकडून लिहून द्या, नावं चुकली की गावात पुढची पाच वर्षं ऐकावं लागतं. आणि दुपारपर्यंत पाठवा, संध्याकाळी सातला पाठवून "उद्या येईल ना?" विचारू नका.

ओळखी कशा करायच्या हे पण विचारतात. ६ जानेवारीला पत्रकार दिन असतो, बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ ला त्या दिवशी दर्पण सुरू केलं म्हणून, आणि जांभेकर आपल्या देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. त्या दिवशी तालुक्यातालुक्यात कार्यक्रम असतात, जवळजवळ सगळे पत्रकार एका ठिकाणी भेटतात. जा, बसा, चहा घ्या, स्वतःची ओळख करून द्या. फक्त त्या दिवशी कोणाच्या हातात प्रेस नोट कोंबू नका प्लीज.

एजन्सीत अजून एक गोष्ट दिसेल ती म्हणजे कव्हरेज रिपोर्ट. आलेली बातमी मोजायची, तेवढ्या जागेच्या जाहिरातीचा रेट लावायचा आणि क्लायंटला सांगायचं बघा तुमचे इतके लाख वाचले. २०१० च्या बार्सिलोना प्रिन्सिपल्समध्ये पीआरवाल्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की हा आकडा म्हणजे पीआरची किंमत नव्हे, तरी क्लायंट मागतात आणि आपण देतो. मला हे काम अजिबात आवडलं नाही. पण एक्सेल शिकायला मिळालं.

मला या विषयात खरा इंटरेस्ट आला तो टायलेनॉलच्या केसमुळे. १९८२ ला शिकागोमध्ये कोणीतरी या वेदनाशामक गोळ्यांच्या बाटल्यांत सायनाइड मिसळलं, सात माणसं गेली. जॉन्सन अँड जॉन्सनने देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत घेतल्या. बरेच जण इथे थांबतात, की बघा कंपनीने किती छान हाताळलं. मला त्याच्या पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो: कंपनीने बाटलीच बदलली, कोणी उघडली तर लगेच कळेल असं सील लावून माल परत बाजारात आणला. लोकांचा विश्वास निवेदनामुळे बसला असेलही, पण सील नसतं तर तो टिकला असता का?

हे वाचताना मला सारखा आंबाच आठवत होता, कारण आपलं दुखणं पण तेच आहे, दुसरीकडचा आंबा देवगड-रत्नागिरीच्या पेटीत भरून विकतात. २०१८ ला हापूसला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, भाषणं झाली, पण गिऱ्हाईक पेटी बघून काय ओळखणार? म्हणून २०२५ च्या सीझनला देवगडच्या आंबा उत्पादक सहकारी संस्थेने फळावर युनिक कोडचं स्टिकर आणलं. माझ्या मते कोकणातला त्या वर्षातला सगळ्यात चांगला पीआर तो होता, आणि कोणी त्याला पीआर म्हणालं पण नसेल.

जीआयवरून आठवलं, कोणा बागायतदाराचं काम घेतलंत तर "जीआय मानांकित" लिहायच्या आधी त्याचं स्वतःचं नाव अधिकृत वापरकर्ता म्हणून रजिस्टर आहे का विचारा. नुसती बाग रत्नागिरीत आहे म्हणून तो शिक्का वापरता येत नाही. कोकमाला आणि वेंगुर्ल्याच्या काजूला पण जीआय आहे, तिथेही हेच.

आता धंदा. मावशीकडे आगळ (कोकमाचा मीठ घातलेला रस) आणि आमसुलं होतात, आणि मी ट्रेनिंग घेतल्यासारखी तिला म्हटलं की आपण मोठ्या पेपरच्या उन्हाळी पुरवणीत येऊ. ती म्हणाली, "बाटल्यो खंय आसत?" विषय संपला. कारण कोकमं पिकतात एप्रिल-मेमध्ये, पाऊस यायच्या आत सगळं उरकायचं असतं, आणि उन्हाळी सरबतांचे लेख मार्चमध्ये ठरतात, म्हणजे लेख आला तर विकायला माल मागच्या वर्षीचा, तो बहुतेक संपलेला. होमस्टेचं पण तसंच, खोल्या आहेत तेवढ्याच, मे आणि डिसेंबरला त्या नाहीतरी भरतात, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, वॉटर स्पोर्ट्स बंद, तेव्हा लोकांना बोलवायचं तर सांगणार काय? मासे खायला या म्हणून बोलवाल आणि ताटात फ्रीझरचा सुरमई द्याल, तर पुढचा रिव्ह्यू कसा येईल ते मी सांगायला नको. म्हणून मी आता कोणाचंही काम बघताना आधी वही मागते, माल किती, कधी, कोण करणार. मग बातमी.

इन्फ्लुएन्सरबद्दल एकच, फुकट राहायला बोलावलं तरी ते मोबदल्यातच धरतात, अॅस्कीच्या (जाहिरातवाल्यांचीच नियम ठरवणारी संस्था) २०२१ च्या गाइडलाइन्सप्रमाणे पोस्टवर तसं लिहावं लागतं. "आमच्याकडे आले, स्वतःहून टाकलं" हे चालत नाही.

कागदपत्रांना घाबरू नका. उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगांची नोंदणी) सरकारी पोर्टलवर फुकट होतं, हजार-दोन हजार घेणारे एजंट भेटतील, त्यांना नमस्कार करा. खाद्यपदार्थ असतील तर एफएसएसएआयची (सरकारी अन्नसुरक्षा संस्था) नोंदणी लागते, छोट्या उलाढालीला साधं रजिस्ट्रेशन, मी बघितलं तेव्हा ती मर्यादा १२ लाख आणि फी वर्षाला १०० रुपये होती. कर्जाचं म्हणाल तर पीएमईजीपीमध्ये (नवा धंदा टाकायला केंद्र सरकारची योजना) मी बघितलं तेव्हा ग्रामीण भागात महिलांना ३५ टक्क्यांपर्यंत सबसिडी होती, पण ती बँकेच्या कर्जाला जोडलेली असते, म्हणजे आधी बँक मॅनेजरला प्रोजेक्ट पटवायचा. तिथे पीआरवाल्यांना थोडा फायदा होतो असं मला वाटतं, निदान दोन पानांत मुद्द्याचं लिहिता तरी येतं.

मग नोकरी की धंदा? माझं मत सध्या तरी असं आहे की आधी दोन-तीन वर्षं एजन्सी, मुंबई किंवा पुणे. तिथे दुसऱ्याच्या पैशावर शिकायला मिळतं, क्रायसिस आला तर वर कोणीतरी सीनिअर असतो, आणि संपादक, रिपोर्टर, प्रिंटर, फोटोग्राफर असे नंबर फोनमध्ये जमतात जे गावात बसून जमत नाहीत. डायरेक्ट गावी येऊन "पीआर फर्म" उघडली तर पहिला क्लायंट काका, दुसरा क्लायंट काकांचा मित्र, आणि दोघांकडे पैसे मागायची सोय नाही. घरच्या धंद्यात हात मारायचा तर सुट्टीत मारा, हिशेब बघा, पार्सल पॅक करा, फोन घ्या. गिऱ्हाईक फोनवर काय विचारतं ते लिहून ठेवा, मावशीकडे निम्मे फोन "सरबत करायला आगळ चालेल का, त्यात मीठ असतं ना" एवढ्यासाठीच यायचे, म्हणून लेबलवर तेच मोठ्या अक्षरात टाकलं, आता तो फोन क्वचित येतो.

बाबांना अजूनही वाटतं मी बँकेच्या परीक्षा द्याव्यात. फॉर्म भरलाय, खोटं कशाला बोलू. पण एजन्सींना मेल पण चालू आहेत, आणि मेलला रिझ्युमेपेक्षा जास्त उत्तरं आली ती छापून आलेल्या नोटांच्या कात्रणांमुळे, जिल्हा आवृत्तीतलं तीन ओळींचं असलं तरी. कात्रणावर पेपरचं नाव, आवृत्ती आणि तारीख पेनाने लगेच लिहा, नाहीतर इंटरव्ह्यूला विचारलं की आठवत बसाल.