सेफ्टी ऑफिसरला काढताना या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबागेतली फाउंड्री असो की चिकोडीकडचा साखर कारखाना, सेफ्टी (सुरक्षा) किंवा वेल्फेअर (कामगार कल्याण) ऑफिसरला काढायचं ठरलं की मॅनेजमेंटला भलतीच घाई सुटते. आणि एचआरमधली नवी पोरं जुन्या पत्रातलं नाव बदलून मोकळी होतात.

सर्वांत मोठा घोळ शिनोळीचा कागद बेळगावात चालवल्यानं होतो. शिनोळी चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. या अधिकाऱ्यांच्या सेवाशर्ती राज्य सरकारचे नियम ठरवतात. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाने कायद्यातलं कलम 49 वेल्फेअर ऑफिसरबाबत तेच सांगायचं. दोन्हीकडे प्लांट असलेल्या एका मालकानं बेळगावच्या प्लांटमधल्या वेल्फेअर ऑफिसरला काढलं. पत्रात नियम महाराष्ट्राचा, परवानगीचा अर्जही कोल्हापूरला. समोरच्या वकिलानं पहिल्याच तारखेला तेवढंच बोट ठेवलं. आदेश मागे घ्यावा लागला, वर मधल्या काळाचा पगारही.

परवानगीला हलक्यात घेऊ नका. वेल्फेअर ऑफिसरला बडतर्फ करण्याआधी लेबर कमिशनरची संमती हवी, अशी अट राज्याच्या नियमांत असू शकते. तेव्हा कर्नाटकचे लागू नियम आधी उघडून वाचा. संमतीची अट असेल तर संमती आधी, आदेश नंतर. अर्ज कन्नडमध्ये करा आणि आवक शिक्क्याची प्रत फाइलला लावा.

दुसरी खोड तारखांची. सेफ्टी ऑफिसरनं 3 तारखेला लिहून दिलं, 'लॅडलच्या हुकाची लॅच तुटली आहे, क्रेन थांबवा' (लॅडल म्हणजे वितळलेल्या धातूचं भांडं, लॅच म्हणजे हुकाची खिट्टी), आणि 9 तारखेला त्यालाच उद्धटपणाची चार्जशीट! कोर्टाला सूडच दिसणार. आधी लॅच बदला, तसं त्याला लेखी कळवा. गैरवर्तन खरंच असेल तर तारीख, वेळ, साक्षीदार यांसह आरोप लिहा. 'विश्वास उडाला' हा आरोप नव्हे. चौकशी अधिकारी तक्रारदाराच्या हाताखालचा नसावा.

केबिनमध्ये कोंडून घेतलेला राजीनामा दुसऱ्या दिवशी ईमेलनं मागे येतो. असले शॉर्टकट नकोतच.

प्रॉडक्शनवाल्याला 'अतिरिक्त कार्यभार' देऊन पद भरत नाही. पात्र माणूस आधी शोधा. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामाच्या ठिकाणची सुरक्षा व आरोग्य यांच्या संहितेत सेफ्टी ऑफिसर 500 कामगारांच्या कारखान्याला सक्तीचा आहे, धोकादायक प्रक्रिया असेल तर 250 ला. वेल्फेअर ऑफिसरलाही 250 च.

वर्क परमिट (धोक्याच्या कामाचे लेखी परवाने) आणि अपघात रजिस्टर यादी करून, सही घेऊन ताब्यात घ्या. पगार दोन कामकाजी दिवसांत, ग्रॅच्युइटी 30 दिवसांत. 'नो ड्यूज (काही देणं बाकी नसल्याचा दाखला) आल्यावर बघू' म्हणून पैसे अडवलेत, तर ग्रॅच्युइटीवर व्याज चढतं.