पंतप्रधानांकडे सत्ता एकवटली कशी: हा विषय नव्याने घेणाऱ्यांसाठी

ब्रिटनचा संसदीय इतिहास अभ्यासाला घेतलात म्हणजे १६८८ ची क्रांती (संसद राजाला वरचढ ठरली ती), कॅबिनेट म्हणजे मंत्रिमंडळ, वॉलपोल एवढं ठाऊक असणारच. ते सोडून देतो.

सापळा पुढे आहे. मी त्यात बराच काळ अडकलो होतो. नोट्समध्ये सगळीकडे एकच साखळी असते: जर्मनीहून आलेल्या पहिल्या जॉर्ज राजाला इंग्रजी येईना, म्हणून तो कॅबिनेटच्या बैठकांना येईना, म्हणून १७२१ मध्ये वॉलपोल पहिला पंतप्रधान झाला. पाठ करायला झकास! पण जॉर्ज मंत्र्यांशी फ्रेंचमध्ये बोलायचा, भाषेवाचून काही अडलं नव्हतं. वॉलपोलकडे ट्रेझरी, म्हणजे सरकारी खजिना होता, पदं वाटायची मुभा होती, राजाची मर्जी होती. तरी १७४२ मध्ये कॉमन्स, म्हणजे संसदेचं निवडून आलेलं सभागृह, हाताबाहेर गेलं आणि त्याला जावं लागलं. १८३४ मध्येसुद्धा चौथ्या विल्यम राजाने पंतप्रधान मेलबर्नला घरी पाठवलंच. एका माणसाने सत्ता काबीज केली, ही गोष्टच मुळात टिकत नाही.

मग बघायचं कुठे? कामकाजाच्या नियमांत. रटाळ आहे, मान्य. पण राजसत्तेची शिफारस नसेल तर सरकारी पैशाची मागणी विचारात घ्यायची नाही, असा ठराव कॉमन्सने १७०६ मध्ये केला, तोही आपणहून आणि वॉलपोलच्या कितीतरी आधी. १७१३ मध्ये तो कायमचा नियम झाला. राजसत्तेच्या वतीने शिफारस मंत्रीच करत, म्हणून खर्च सुचवायचा हक्क त्यांच्याकडे राहिला. वेळेचंही तेच. १८८१ मध्ये आयरिश सदस्यांनी सभागृह सलग ४१ तास अडवलं, स्पीकर ब्रँडनी स्वतःच्या अधिकारात चर्चा थांबवली, आणि पुढच्याच वर्षी चर्चा बंद करण्याचा नियम आला. १९०२ मध्ये सरकारचे सभागृहातले नेते बॅल्फर यांच्या सुधारणांनी सभागृहाचा बहुतेक वेळ सरकारी कामाला दिला.

एका पानाचा तक्ता देऊन ‘एवढं पुरे’ म्हणणाऱ्या मार्गदर्शकांवर माझा काडीचा विश्वास नाही. त्याने उत्तर भरतं, विषय कळत नाही.

घाबरू मात्र नका, सगळे नियम पाठ करायचे नाहीत. १९१६ पासून उलटं वाचत या, सोपं जातं. त्या डिसेंबरात नवे पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी पाच जणांचं युद्ध मंत्रिमंडळ केलं आणि हँकी नावाचे अधिकारी त्याचे सचिव झाले. तोवर बैठकीचं इतिवृत्तच लिहीत नसत. पंतप्रधान राजाला पत्र धाडत, तीच नोंद. आणि कायद्यात हे पद शोधत बसू नका. त्याचा पगार ठरवणारा पहिला कायदासुद्धा १९३७ चा आहे.