विमान रद्द झालं? आधी बुकिंगवर मोबाइल नंबर कोणाचा आहे ते बघा

तिकीट एजंटकडून काढलं असेल तर आजच एक गोष्ट तपासा: बुकिंगमध्ये मोबाइल नंबर तुमचा आहे की एजंटचा? डीजीसीए म्हणजे देशातल्या विमानसेवेवर देखरेख करणारी सरकारी संस्था. तिच्या नियमांनुसार, बुकिंगच्या वेळी पुरेसा संपर्क दिला नसेल तर विमान कंपनीला भरपाई द्यावी लागत नाही. माझ्या आईच्या तिकिटावर एजंटचाच नंबर होता. विमान रद्द झाल्याचा मेसेज त्याच्या फोनवर पडून राहिला आणि आई पहाटे चारला बॅग घेऊन विमानतळावर पोचली. तो प्रसंग मला अजून टोचतो.

वेळेत न कळवता विमान रद्द केलं, तर पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा मिळतोच, शिवाय भरपाईही. एका तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,०००, दोन तासांपर्यंत ७,५०० आणि त्याहून लांबच्याला १०,००० रुपये, किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यांतलं जे कमी असेल ते. वादळ, संप अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना मात्र भरपाई नाही. म्हणूनच काउंटरवर कारण लेखी मागा, नुसतं ‘ऑपरेशनल रीझन’ ऐकून परतू नका.

पुणे-दिल्लीसारख्या अडीच तासांच्या आतल्या उड्डाणाला दोन तास उशीर झाला की चहा-नाश्ता, जेवण मागायला लाजू नका, तो तुमचा हक्कच आहे. सहा तासांहून जास्त उशीर असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत मागता येतात.

बोर्डिंग पास आणि उशीर दाखवणाऱ्या स्क्रीनचा फोटो जपून ठेवा. कंपनीने दाद दिली नाही तर एअरसेवा या सरकारी तक्रार पोर्टलवर तक्रार टाकताना तोच उपयोगी पडतो.