नोकरी आणि दिसणारा टॅटू: बाही दुमडण्याआधी

माझ्या उजव्या हातावर, मनगटाच्या जरा वर, आतल्या बाजूला आठ पायांचा एक कोळी आहे. तेविसाव्या वर्षी हौसेने गोंदवून घेतला आणि पहिल्या नोकरीत चार वर्षं, भर उकाड्यातही, कफचं बटण उघडलं नाही. आता मी स्वतः मुलाखती घेतो. बोलता बोलता बाही खाली ओढणारा उमेदवार मला पहिल्या दोन मिनिटांत कळतो.

अजून टॅटू काढला नसेल, तर आधी जागा ठरवा. ज्या शर्टात कामाला जाणार तोच घालून आरशासमोर उभे राहा. फळ्यावर लिहायला उचलतो तसा हात वर करा, टेबलावरची वस्तू घ्यायला लांब करा. बाही जिथवर सरकते तिथे पेनाने रेघ मारा. त्या रेघेच्या वर, म्हणजे कोपराकडे काढलेला टॅटू दाखवायचा की नाही हे तुमच्या हातात राहतं. खाली काढलात तर तो स्वतःच ठरवतो. मी रेघ मारली नव्हती. माउसकडे हात गेला की माझा कोळी बाहेर डोकावतो.

मग नियम वाचा. ‘आता सगळीकडे चालतं’ हे अर्धंच खरं आहे. एअर न्यूझीलंड या विमान कंपनीने 2019 मध्ये कर्मचाऱ्यांना दिसणारे टॅटू चालतील असं ठरवलं, ब्रिटनच्या व्हर्जिन अटलांटिक या विमान कंपनीने 2022 मध्ये. त्याच वर्षी अमेरिकी लष्करानेही नियम सैल केला, पण कसा? हाताच्या प्रत्येक पंजावर एकच टॅटू, तोही एक इंचापर्यंत. मानेवर मागच्या बाजूला एक, दोन इंचांपर्यंत. द्वेष पसरवणारा किंवा अश्लील मजकूर तेव्हाही नाही आणि आताही नाही. म्हणून ड्रेस कोडमध्ये तीन गोष्टी शोधा: जागा, आकार, मजकूर. चेहरा आणि गळा यांच्याबद्दल बहुतेक ठिकाणी अजून हात आखडताच असतो.

आणि नियम बदलला म्हणून नजर बदलत नाही. न्यूयॉर्क शहरात 1961 पासून 1997 पर्यंत टॅटू काढण्याच्या धंद्यावरच बंदी होती, कारण दिलं होतं काविळीच्या संसर्गाचं. त्या काळात वाढलेली माणसं आज साहेबांच्या खुर्चीत आहेत. त्यांच्याशी वाद घालून काही साधत नाही, काम दाखवून थोडंफार साधतं.

झाकायची वेळ आली तर हे नीट करा. मी ताईच्या मेकअपच्या डब्यावर शिकलो. पहिल्यांदा थेट त्वचेच्या रंगाचं कन्सीलर, म्हणजे डाग झाकायचं क्रीम, थापलं, तर हातावर राख फासल्यासारखा करडा डाग उठला. काळ्या शाईची निळसर झाक आधी मारावी लागते, त्यासाठी नारिंगी करेक्टर, म्हणजे कन्सीलरच्या आधी लावायचं रंगीत क्रीम. बोटाने टिपत लावायचं, घासायचं नाही. ते वाळलं की कन्सीलरचा पातळ थर, कडेला बोटभर बाहेरपर्यंत. मग पफने पावडर दाबून ठेवायची, काही मिनिटांनी ब्रशने झटकायची, वरून मेकअप टिकवणारा सेटिंग स्प्रे. एवढं करूनही पांढऱ्या कफला आतून रंग लागतोच. माझे दोन शर्ट त्यात गेले, तेव्हा त्या दिवशी गडद रंग घाला. टॅटू ताजा असेल तर यातलं काहीही लावू नका. वरची त्वचा भरायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून रुजू होण्याच्या आठवड्यात नवा टॅटू नको.

‘नको झाला तर लेझर आहेच’ या भरवशावर राहू नका. बऱ्याच बैठका लागतात, मध्ये कित्येक आठवडे थांबावं लागतं, आणि हिरवा-निळा रंग काळ्यापेक्षा चिवट निघतो.

मुलाखतीत विषय आपण काढू नये. कुणी अर्थ विचारला तर एका वाक्यात सांगून कामावर या. मी एकदा कोळ्याची कहाणी दहा मिनिटं रंगवली. समोरच्यांनी मन लावून ऐकली, कामाचं काहीच विचारलं नाही आणि नोकरीही दिली नाही. विचारायची खरी वेळ म्हणजे ऑफर आल्यावर, सही करण्याआधी. माझा मेल असा होता: ‘माझ्या हातावर टॅटू आहे. ग्राहकांसमोर तो झाकावा लागेल का? लेखी नियम असल्यास कृपया पाठवावा.’ माफीचा सूर नको, फुशारकीही नको.

आलेलं उत्तर जपून ठेवा. माझे साहेब तीनदा बदलले. तिसऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात ‘हे जरा झाकून येत जा’ म्हटलं. मी ‘बरं सर’ म्हणालो आणि जागेवर येऊन तो जुना मेल त्यांना पुढे पाठवला. त्याचं उत्तर आलं नाही, पण बाहीचा विषयही पुन्हा निघाला नाही.