सोरॉरिटीचे सदस्यत्व: प्लेजिंगच्या काळात नेमके काय कमवायचे असते

बारावीनंतर पदवीसाठी थेट अमेरिकेला जाणाऱ्या मुलींच्या कानावर पहिल्याच सत्रात सोरॉरिटी हा शब्द पडतो, आणि घरी फोनवर तो समजावून सांगताना बहुतेकींची पंचाईत होते. ग्रीक अक्षरांची नावे धारण करणाऱ्या या विद्यार्थिनी-संस्थांचे सदस्यत्व सहसा आयुष्यभराचे असते आणि नुसता अर्ज व वर्गणी भरून ते मिळत नाही. निवड झाल्यानंतर काही आठवड्यांचा उमेदवारीचा काळ पार करावा लागतो, त्यालाच प्लेजिंग म्हणतात. (एमएससाठी जाणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की बहुतेक सोरॉरिटी पदवीच्या विद्यार्थिनींनाच घेतात.)

टेक्सासमध्ये शिकत असताना मी एका दक्षिण आशियाई सोरॉरिटीची सदस्य झाले. अशा संस्था फार जुन्या नाहीत. ऑस्टिनची कप्पा फाय गॅमा आणि ह्यूस्टनची डेल्टा फाय ओमेगा या दोन्ही 1998 सालच्या. त्यांच्यातील अनेक प्रथा मात्र कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी घडवलेल्या सोरॉरिटींकडून आलेल्या आहेत, आणि हे ऋण नव्या मुलीला माहीत असायलाच हवे असे मला वाटते. 1908 मध्ये वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात अल्फा कप्पा अल्फा स्थापन झाली. तेथेच 1913 मध्ये 22 विद्यार्थिनींनी डेल्टा सिग्मा थीटा सुरू केली आणि काही आठवड्यांतच, 3 मार्चला, त्या स्त्रियांच्या मताधिकाराच्या मोर्चात उतरल्या. उमेदवारीत संस्थापिकांची नावे पाठ करावी लागतात, ती पाठांतराच्या हौसेपोटी नव्हे, तर ज्या अक्षरांचा शर्ट आपण उद्या अंगावर घालणार त्यांच्यामागे कोणाचे कष्ट आहेत हे कळावे म्हणून.

एकत्र उमेदवारी करणाऱ्या मुलींच्या गटाला लाइन म्हणतात. आम्ही उंचीच्या क्रमाने उभ्या राहायचो आणि इतिहास एका सुरात म्हणायचो. एकीचा शब्द अडला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. आमच्यातली एक मुलगी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतून थकून यायची आणि मधल्या दोन नावांवर हमखास अडखळायची. दुसऱ्या आठवड्यापासून बाकीच्या तिच्या वेळेनुसार जेवू लागल्या आणि जेवताना ती नावे तिच्याबरोबर म्हणू लागल्या. कोणी तसे सांगितले नव्हते. सदस्यत्व कमावणे म्हणजे काय, हे मला पुढच्या दीक्षाविधीपेक्षा त्या जेवणांत अधिक स्पष्ट दिसले, कारण दुसरीची अडचण आपल्या वेळापत्रकात धरण्याची सवय तिथेच लागली आणि ती पदवीनंतरही सुटलेली नाही.

तथापि, कमावणे याचा अर्थ सोसणे असा मुळीच नाही. उमेदवारांचा छळ, म्हणजे हेझिंग, यामुळे अमेरिकेत विद्यार्थ्यांचे जीव गेले आहेत. त्यामुळेच 1990 मध्ये कृष्णवर्णीयांच्या सोरॉरिटी व फ्रॅटर्निटी (मुलांच्या अशाच संस्था) यांच्या महासंघाने जुन्या पद्धतीचे प्लेजिंग अधिकृतपणे बंद केले. टेक्सासच्या कायद्यानुसार हेझिंग हा गुन्हा आहे आणि ज्या मुलीवर ते झाले तिची संमती होती हा बचाव चालत नाही. झोप मोडणे, जबरदस्तीने पाजणे, उपाशी ठेवणे, पैसे उकळणे, यांपैकी काहीही परंपरेच्या नावाखाली मागितले गेले तर त्याच दिवशी बाहेर पडावे आणि विद्यापीठाच्या विद्यार्थी-कार्यालयाला कळवावे. छळ सोसून कोणी अधिक खरी भगिनी ठरते, हे मला सर्वस्वी अमान्य आहे.

इच्छुकांसाठीच्या माहितीबैठकीत संकोच न करता काही गोष्टी विचाराव्यात: पहिल्या सत्राचा आणि नंतरचा दर सत्राचा खर्च किती, किमान किती जीपीए (सरासरी गुणांक) लागतो, उमेदवारी किती आठवडे चालते, परीक्षेच्या काळात सूट असते का. पूर्वी हेझिंगबद्दल कारवाई झाली आहे का, हे विद्यापीठाच्या संकेतस्थळावरही पाहता येते. शक्य झाल्यास पदवी घेऊन बाहेर पडलेल्या एखाद्या सदस्येला भेटावे, आणि गेल्या वर्षभरात तिने संस्थेतील कोणासाठी काय केले, हे तिला विचारावे.