एक लाख लिटरची नदी: देशी माशांचे सार्वजनिक मत्स्यालय सांभाळताना

मोठ्या टाकीसमोर उभ्या राहिलेल्या प्रेक्षकाला मासे दिसतात. टाकी सांभाळणाऱ्याने मात्र सकाळी आल्या आल्या आधी फिल्टरच्या खोलीत जायला हवे. खडशी (महसीरची एक जात), कोळस, कानस, मळ्या, वाम हे कृष्णा-भीमेच्या खोऱ्यातले मासे आपल्याला वाटतात तितके नाजूक नसतात. नाजूक असतात ते फिल्टरमधल्या वाळूवर आणि बायोबॉलवर (जिवाणूंना बसायला जागा देणाऱ्या प्लास्टिकच्या गोळ्यांवर) वाढलेले जिवाणू, जे माशांनी टाकलेल्या अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. पाणी वाहायचे थांबले की मासे गुदमरण्याच्या कितीतरी आधी हे जिवाणू गुदमरू लागतात. देखभालीचे वेळापत्रक या एका गोष्टीभोवती बांधावे, असे माझे मत आहे. पुढील सूचना एक लाख लिटरच्या, तीन मीटर खोल टाकीला आणि तिच्यातील सुमारे शंभर किलो माशांना धरून दिल्या आहेत. टाकी लहानमोठी असल्यास आकडे त्या प्रमाणात बदलावेत.

प्रथम हिशेब मांडावा. शंभर किलो माशांना वजनाच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला एक किलो खाद्य पुरते. पस्तीस टक्के प्रथिने असलेल्या एक किलो खाद्यातून सुमारे तीस ग्रॅम नत्र अमोनियाच्या रूपाने पाण्यात उतरते. एक लाख लिटरमध्ये ते लिटरला ०.३ मिलिग्रॅम भरते. हा आकडा किरकोळ वाटतो. परंतु फिल्टर तीन दिवस निकामी राहिला तर तो ०.९ वर जातो, आणि त्यातला विषारी, म्हणजे मुक्त अमोनिया किती, हे पाण्याच्या पीएचवर ठरते. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का मुक्त असतो. पीएच ८ असेल तर तोच पाच टक्क्यांच्या वर जातो. दख्खनच्या बेसॉल्ट खडकातून आलेले पाणी जड आणि बहुधा आठच्या आसपासच्या पीएचचे असल्यामुळे आपल्याकडे तिसऱ्या दिवशी मुक्त अमोनिया लिटरला ०.०५ मिलिग्रॅमपर्यंत पोचतो आणि कल्ल्यांना इजा व्हायला लागते. म्हणून फिल्टर बिघडल्याचे कळताच औषधांच्या कपाटाकडे धावण्याऐवजी खाद्य बंद करावे. मोठा मासा आठवडाभर उपाशी राहिला तरी त्याचे काही बिघडत नाही.

नव्या टाकीत हे जिवाणू बसायला चार ते आठ आठवडे लागतात. उद्घाटनाची तारीख आधी ठरवून मासे नंतर सोडण्याची पद्धत सगळीकडे दिसते आणि तिचे परिणामही सगळीकडे सारखेच दिसतात. चालू टाकीतील दोन-तीन पोती बायोबॉल आणून नव्या फिल्टरमध्ये टाकल्यास काळ बराच कमी होतो; तरीही अमोनिया आणि नायट्राइट हे दोन्ही सलग आठवडाभर शून्य आल्याखेरीज मासे भरू नयेत. पाणी नितळ दिसणे हा पुरावा नव्हे. मधल्या काळात नायट्राइट वाढले आणि मासे धापा टाकू लागले, तर लाख लिटरला दहा किलो साधे मीठ विरघळवून सोडावे; मिठातले क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून रक्तात शिरू देत नाही.

वीज गेल्यावर काय करायचे, हे भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे. आमच्याकडे एकदा उन्हाळ्यातल्या मध्यरात्री वीज गेली, जनित्र आपोआप सुरू झाले, दिवे लागले आणि पहारेकरी निश्चिंत झाला. पंपाचा स्टार्टर मात्र वीज जाताच सुटला होता, आणि या जातीचा स्टार्टर वीज परत आली तरी हिरवे बटण दाबल्याशिवाय पुन्हा धरत नाही. सकाळी सहाला कामगाराने ते बटण दाबले. बंद वाळूच्या फिल्टरमध्ये सहा तास साचलेले, सडक्या अंड्यांचा वास येणारे पाणी सरळ टाकीत गेले. रात्रभर धडधाकट असलेले मासे पुढच्या तासाभरात पृष्ठभागावर आले, आणि आम्ही सात कानस गमावले. तेव्हापासून आमचा नियम असा आहे: फिल्टर तासाभराहून अधिक वेळ बंद राहिला, तर पंप सुरू करण्याआधी झडप बॅकवॉशवर, म्हणजे पाणी उलटे सोडून फिल्टर धुण्याच्या स्थितीत, फिरवावी, निचऱ्याच्या काचेतून पाणी स्वच्छ दिसेपर्यंत आणि वास जाईपर्यंत ते गटारात सोडावे, आणि त्यानंतरच टाकीकडची वाट उघडावी. पंपावर विजेसोबत आपोआप सुरू होणारी यंत्रणा बसवली, तरी बॅकवॉशसाठी माणूस लागतोच. हवेचे ब्लोअर वेगळ्या विद्युतमार्गावर आणि शक्य असल्यास बॅटरीवर ठेवावेत.

प्राणवायू पहाटे मोजावा, आणि तोही टाकीच्या तळाशी, पाणी येण्याच्या तोंडापासून सर्वांत दूरच्या कोपऱ्यात. समुद्रसपाटीला २५ अंशांवर पाण्यात लिटरला सुमारे ८.३ मिलिग्रॅम आणि ३० अंशांवर सुमारे ७.६ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. पुण्यासारख्या साडेपाचशे मीटर उंचीवरच्या गावी तो आणखी सुमारे सहा टक्के कमी धरावा. खडशीसाठी सहाच्या खाली आकडा जाऊ देऊ नये. एप्रिल-मे महिन्यांत पाणी २८ अंशांच्या वर चढू लागले, की छपरावर पांढरा रंग देणे, पाण्याचा प्रवाह पृष्ठभागावरून तुटून पडेल असा वळवणे आणि खाद्य सायंकाळऐवजी सकाळी देणे, हे तीन उपाय चिलर, म्हणजे पाणी गार करणारे यंत्र, घेण्याच्या आधी करावेत. लाख लिटर पाणी तासाला एकदा, निदान दोन तासांत एकदा फिल्टरमधून फिरायला हवे. नदीच्या धारेत राहणाऱ्या माशांसाठी फिल्टरच्या पंपाशिवाय एका बाजूने ढकलणारा वेगळा प्रवाहपंपही लावावा. धार मिळाली की खडशी तिच्याकडे तोंड करून स्थिर उभी राहते. प्रेक्षकांनाही ती तशी नीट दिसते.

पाणी दुधाळ दिसू लागले आणि माशांच्या परांवर किंवा डोळ्याच्या कडेला बारीक बुडबुडे आढळले, तर तो रोग समजून औषध घालू नये. बहुतेक वेळा पंपाच्या ओढीच्या बाजूच्या पाइपला चीर गेलेली असते, तिथून हवा आत खेचली जाते आणि दाबाखाली पाण्यात जास्तीची विरघळते. प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावून पंप चालू ठेवावा. जिथे फेस आत ओढला जातो, तिथे गळती आहे.

आठवड्याला वीस टक्के, म्हणजे वीस हजार लिटर पाणी बदलावे. वर मांडलेल्या हिशेबाने नायट्रेट रोज लिटरला सुमारे १.३ मिलिग्रॅम वाढते, आणि एवढे पाणी बदलले तर ते पन्नासच्या खाली राहते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो आणि पावसाळ्यात पाणी गढूळ झाले की तो वाढवला जातो, म्हणून मागच्या आठवड्याचा आकडा गृहीत न धरता प्रत्येक वेळी मोजावा. एक ग्रॅम क्लोरीन घालवायला सुमारे सात ग्रॅम हायपो (सोडियम थायोसल्फेट) लागतो. लिटरला अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन असलेल्या वीस हजार लिटरला सत्तर ग्रॅम पुरतात, मात्र ते साठवण टाकीतच विरघळवावेत. विंधनविहिरीच्या पाण्यात क्लोरीन नसला तरी प्राणवायूही जवळजवळ नसतो, त्यामुळे ते रात्रभर हवा देऊन मगच वापरावे. टँकरचे पाणी कुठून आले हे सांगता येत नसेल तर टँकर परत पाठवावा, मग त्यापायी कितीही वाद घालावा लागला तरी चालेल. काढलेले पाणी बागेला द्यावे. ओढ्यात किंवा नदीत सोडू नये, कारण त्यातून टाकीतील परजीवी बाहेर जातात.

मासे निवडताना रंगापेक्षा स्वभाव पाहावा. मरळ, शिवडा आणि शिंगाळा हे शिकारी आहेत आणि तोंडात मावेल ते गिळतात, म्हणून त्यांना स्वतंत्र टाकी द्यावी. मरळ पृष्ठभागावर येऊन हवा घेते. तिच्या टाकीचे झाकण पाण्याच्या पातळीपासून निदान वीतभर वर असावे, आणि त्याला फट नसावी, कारण ती उडी मारते. वाम वाळूत अंग पुरून बसते; तिच्यासाठी तळाला धारदार खडी न घालता बारीक, गोल कणांची नदीची वाळू अंथरावी आणि पाणी बाहेर जाण्याच्या प्रत्येक तोंडाला जाळी बसवावी, नाहीतर ती एक दिवस फिल्टरच्या खोलीत सापडते. मळ्या दगडावरचे शेवाळ खरवडून खातो आणि त्याच्याएवढा कामसू सफाई कामगार मिळणे कठीण. बाजारात मिळणारा परदेशी सकर मासा या कामासाठी अजिबात आणू नये.

नावाची पाटी लिहिताना स्थानिक नाव आधी द्यावे. त्याला इतिहासाचा आधार आहे. १८३९ साली विल्यम सायक्स या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली, तेव्हा कोळसचे ‘कोलुस’ आणि मळ्याचे ‘मुल्या’ अशी इथल्या लोकांच्या तोंडची नावेच त्याने लॅटिनमध्ये नेली. शास्त्रीय नाव वाचताना मराठी मुलाला आपलाच शब्द भेटतो, ही गंमत पाटीवर जरूर सांगावी.

खडशीची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, मत्स्यबीज केंद्रातूनच घ्यावीत. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा पॉवरच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महसीरचे प्रजनन केले जाते. महाडजवळची वाळण कोंड किंवा वाडा तालुक्यातील तिळसे अशा, देवाचे मासे म्हणून गावाने राखलेल्या डोहांतून एकही मासा मागू नये, कोणी आणून दिला तरी घेऊ नये. मरळ, वाम यांसारखे मासे मच्छीमारांकडून घ्यायचे असल्यास सापळ्यात मिळालेले घ्यावेत. जाळ्यात कल्ल्यांनी अडकलेला मासा दोन दिवस बरा दिसतो आणि मग खवले गळालेल्या जागी बुरशी धरतो.

नवा मासा कितीही निरोगी दिसला, तरी त्याला तीस दिवस विलगीकरण टाकीत ठेवावे, आणि त्या टाकीची जाळी, बादल्या व नळ्या वेगळ्या रंगाच्या असाव्यात, म्हणजे घाईत अदलाबदल होत नाही. दाखल करताना लिटरला दहा ग्रॅम मिठाच्या पाण्यात दहा मिनिटे बुडवावे. मासा कलंडू लागला तर वेळ संपण्याची वाट न पाहता बाहेर काढावे. अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके दिसले, तर औषध एकदाच देऊन थांबू नये. त्या परजीवीची कातडीखालची अवस्था औषधाला दाद देत नाही, फक्त पाण्यात पोहणारी पिल्ले मरतात. म्हणून ठिपके गेल्यावरही आठवडाभर उपचार चालू ठेवावा. १९८८ साली भारतात शिरलेला व्रणरोग मरळीला विशेष लागतो आणि पावसाळ्यानंतर पाणी गार होऊ लागले की डोके वर काढतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात आणलेली मरळ मी तीसऐवजी पंचेचाळीस दिवस वेगळी ठेवतो.

खाद्य आठवड्यातून सहा दिवस द्यावे. खडशी नदीकाठच्या उंबराची पडलेली फळे खाते. हंगामात धुतलेली उंबरे टाकली तर ती गोळी खाद्यापेक्षा उत्साहाने वर येते, आणि सुटीच्या दिवशी गर्दीसमोर दाखवण्यासारखा याहून चांगला प्रसंग नाही. शिकारी माशांना जिवंत मासे घालण्याची सवय लावू नये, कारण त्यांच्यासोबत परजीवी येतात. गोठवलेली कोळंबी काठीला लावून हलवत दाखवली, तर मरळ दोन-तीन आठवड्यांत ती घेऊ लागते.

दर्शनी ॲक्रिलिकची काळजी वेगळी घ्यावी लागते. तीन मीटर खोल आणि चार मीटर रुंद फलकावर पाणी सुमारे अठरा टन जोराने रेटत असते. त्यावर काच पुसायचे अमोनियायुक्त किंवा अल्कोहोलयुक्त द्रव वापरल्यास पृष्ठभागावर जाळीदार बारीक चिरा पडतात, म्हणून बाहेरून फक्त पाणी, सौम्य साबण आणि मऊ सुती कापड वापरावे. आतून पाणबुड्याने शेवाळ पुसताना तळाच्या वीतभर पट्टीला वेगळा स्पंज घ्यावा. वाळूचा एक कण स्पंजात अडकला तरी फलकभर ओरखडा उमटतो. पाण्यात माणूस असताना दुसरा काठावर हवाच, आणि पाण्यातील सर्व विद्युत उपकरणे बंद असावीत.

दिवे आठ-नऊ तास पुरेत. जास्त ठेवल्यास शेवाळच वाढते. रात्री एकदम दिवा लावू नये. अंधारात स्थिर असलेली खडशी दचकून सरळ फलकावर आदळते. पहारेकऱ्याला मंद लाल विजेरी द्यावी. काचेवर टकटक करू नका, ही पाटी कोणी वाचत नाही. टाकीपासून हातभर अंतरावर कठडा उभारला की पाटीची गरज उरत नाही.

घरी मोठे झालेले मासे लोक बादलीतून आणून देतात आणि नाकारल्यास नदीत सोडण्याची भाषा करतात. अशा वेळी ते ठेवून घ्यावेत, पण दर्शनी टाकीत घालू नयेत, आणि आपल्याकडचा कोणताही मासा, देशी असला तरी, नदीत सोडू नये. कावेरीत बाहेरून आणून सोडलेल्या खडशीमुळे तिथल्या मूळच्या मोठ्या महसीरच्या अडचणीत भर पडली; ती महसीर आता अतिसंकटग्रस्त यादीत आहे.

पहाटेच्या फेरीची नोंदवही फिल्टरच्या खोलीत, पंपाच्या स्टार्टरशेजारी दोरीने बांधून ठेवावी. तिच्यात तापमान, प्राणवायू, पीएच, फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा दाब, खाल्लेले व उरलेले खाद्य, आणि मेलेल्या प्रत्येक माशाचे वजन लिहावे. दोन दाबांतला फरक नेहमीपेक्षा वाढला की बॅकवॉश करावा, वार कोणताही असो. रात्री वीज गेली असेल तर गेल्याची वेळ, आल्याची वेळ आणि हिरवे बटण कोणी दाबले, हे पहारेकऱ्याने स्वतःच्या अक्षरात लिहावे. ती तिसरी नोंद कोरी दिसली, तर सकाळी आलेल्या माणसाने कोणत्याही बटणाला हात लावण्याआधी झडप बॅकवॉशवर फिरवावी.